दहावरून दोनवर

"अजून सरकतोय," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

"काय सरकतंय?" तात्या लोंढ्यांचा आवाज वरच्या पत्र्यावर आदळून खाली आला.

"काटा, तात्या. वजन काढलं, दोर सोडला, तरी मागं येत नाही. पुढंच चाललाय."

"मग त्याला मागं ओढ की! यंत्र तुझं हाय का माझं?"

बाबासाहेब मगदूम खुर्चीतून उठले. व्यायामशाळेच्या ट्रस्टचे ते अध्यक्ष. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि कपाळावर कायम एक आठी. डबक्यात साप दिसावा तसे ते दोन पावलं लांब उभे राहून माझ्या डब्याच्या तबकडीकडे बघत होते.

"म्हणजे आमी काय समजायचं, मॅडम?"

काय समजायचं ते मला समजत होतं, पण ते बोलायला तोंड उघडत नव्हतं. कारण खांबाला टेकून वैजू उभी होती, आणि ती तबकडीकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. सांगलीत, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर तात्यांची व्यायामशाळा होती. हाकेच्या म्हणजे तात्यांच्या हाकेच्या. ती हाक पलीकडे सांगलवाडीत वांगी तोडणाऱ्या बायकांनाही ऐकू जायची. मध्ये तांबड्या मातीत पुरलेला शिसवी मल्लखांब. तळाशी मांडीएवढा जाड, वर निमुळता होत गेलेला, मग मनगटाएवढी मान आणि मानेवर लाकडी बोंड. पिढ्यान्‌पिढ्या एरंडेल पिऊन खांब काळाभोर तुकतुकीत झाला होता. शेजारी तुळईला दोरीचा मल्लखांब टांगलेला असायचा. त्या दोरीवर मीही पाचवी-सहावीत लटकले होते. तात्या खालून असे गरजायचे की माझ्या पायाच्या अंगठ्याची पकड आपोआप सुटायची. शेवटी एक दिवस घरी 'अभ्यास फार आहे' असं सांगून मी जे पळाले, ते इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर होऊनच थांबले.

वैजयंती चौगुले मात्र पळाली नव्हती. अकरावीतली, सडपातळ, दोन वेण्या वर बांधलेल्या, बोलायला अगदीच मुखदुर्बळ. मुलींसाठी दोरी असताना तिनं खांबाचा हट्ट धरला. तात्यांनी आधी तिला हाकलून दिलं, मग दारातच बसून राहिली म्हणून आत घेतलं, आणि वर्षभरात तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त चेव चढला. बोंडावर दोन्ही तळवे टेकून सगळं शरीर जमिनीला समांतर धरायचं, तो मयूर ती करायची. आमच्या भागात मुलीनं तो पुरलेल्या खांबावर केलेला कुणी पाहिला नव्हता. रविवारी आमच्या आखाड्यात आठ-दहा गावांच्या व्यायामशाळांचा मेळावा होता आणि त्यात तो दिसणार होता. चार वर्षं तिनं त्यासाठी तळहातांची सालं काढली होती.

आणि पंधरवड्यापूर्वी ती बोंडावरून खाली आली. गादी होती म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं. कसं झालं विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "खांब थरथरला." मग सगळ्यांनी शिडी लावून खांब न्याहाळला, आणि मानेवर एक रेघ सापडली. केसासारखी, उभी. आधीपासून होती की नवी, कुणालाच सांगता येईना. मगदूम म्हणाले, खांब कापा. तात्या म्हणाले, आधी मला कापा. त्या भांडणातून वाट काढायला तात्या शुक्रवारी सकाळी थेट माझ्या वर्गात घुसले आणि साठ पोरांच्या देखत गरजले, "उल्के, ते लोखंड तपासायचं यंत्र घे आन् चल!"

माझ्या यंत्रात जादू काही नव्हती. पोस्टाच्या तिकिटाहून लहान पट्टी, तिच्यात केसाहून बारीक तार नागमोडी बसवलेली. तिला गेज म्हणतात. ज्या वस्तूला ती चिकटवायची ती वस्तू ताणली की तारही ताणली जाते, आणि तिच्यातून वीज जरा कमी वाहते. तो बदल इतका बारीक की तो पकडायला चार भुजांची एक चौकट करतात, तिला ब्रिज म्हणतात. त्या ब्रिजला ठरावीक व्होल्टेज द्यायचं आणि काटा किती हलतो ते बघायचं. धड वस्तूवर वजन टाकलं की काटा पुढं जातो आणि वजन काढलं की मुकाट्यानं मागं येतो. मागं आला नाही, तर समजायचं की आत काहीतरी सुटत चाललंय.

गेज चिकटवण्यासाठी मी मानेवरचं तेल स्पिरिटनं पुसायला घेतलं तेव्हा तात्यांचे डोळे पांढरे झाले. "खांबाला स्पिरिट? उद्या मारुतीला साबण लावशील!" पण लावू दिलं. रेघेच्या अगदी शेजारी गेज बसवलं. बोंडाला दोर बांधला, तो भिंतीतल्या कप्पीवरून घेतला आणि दुसऱ्या टोकाला आखाड्यातलीच लोखंडी वजनं अडकवली.

काटा पुढं गेला आणि जातच राहिला. वजन काढलं तर जेमतेम एक हिसका मागं आला आणि पुन्हा मुंगीच्या पावलांनी पुढं निघाला. तीनदा केलं, तीनदा तेच.

"बोला की, मॅडम," मगदूम म्हणाले.

"लाकूड पूर्ववत होत नाहीये," मी म्हणाले. "मान आतून सुटत असावी असं दिसतंय."

"असावी म्हंजे?" तात्या ओरडले आणि त्यांनी खांबावर एक सणसणीत थाप मारली. "ह्यो खांब माझ्या वस्तादांनी उभा केलाय! ह्याच्यावर मी नाचलोय! असावी म्हंजे काय?"

"ओरडून काटा मागं येणार हाय का तात्या?" मगदूम म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. "माझी नात येती हितं. वर पोरगी आसताना मान मोडली तर तुमी झेलणार? मी जेवून सुताराला घेऊन येतो. मान उतरवून ठेवू, म्हंजे कुणाला मोहच नको. नवा खांब आणू, मी देतो."

नवा खांब म्हणजे लाकूड वाळायचं, तेल मुरायचं, हाताला ओळख पटायची. रविवार त्यात कुठल्या कुठं वाहून जाणार होता. मगदूम चपला घालून निघून गेले. तात्या मारुतीच्या कोनाड्यासमोर पाठ करून बसले. खांबाच्या अंगावर हात ठेवून वैजू नुसती उभी राहिली, आणि मला वाटलं, हिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी हो म्हटलं आणि मान मोडली तर ही पोर जन्माची अधू. मी नाही म्हटलं आणि खांब धड असला, तर हिच्या चार वर्षांवर करवत मीच चालवलेली. शेजारच्या घरातून आलेला चहा माझ्या हातात निवून गेला.

तेवढ्यात वीज गेली. वरचा पंखा कण्हत थांबला, काटा गळून पडल्यासारखा एका कोपऱ्यात गेला. त्या वेळी दुपारची वीज जाणं म्हणजे नेमाचंच होतं. आम्ही तिघं होतो तिथंच थांबलो. नदीकडून कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता.

"ताई," वैजू पहिल्यांदाच बोलली, "खांबाला दुखत आसंल का हो?"

मी कप खाली ठेवला. आणि वीज आली.

पंखा फिरला. डब्यावरचा तांबडा दिवा लागला. मी सवयीनं तबकडीकडे पाहिलं. काटा शून्याच्या जवळ उभा होता. बरं वाटलं, एवढ्या वेळात लाकूड थोडं सावरलं असेल. आणि बघता बघता काटा निघाला. मघासारखाच. आधी जरा घाईनं, मग मुंगीच्या पावलांनी.

दोर सुटलेला होता. वजनं भिंतीशी रचलेली होती. खांबाला फक्त वैजूचा हात टेकलेला होता.

मी उठून उभी राहिले. कप लवंडला. "वैजू, हात काढ खांबावरचा."

तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. काटा चालतच राहिला.

"तात्या!" आता मी ओरडले. "तात्या, इकडं बघा! खांबावर काहीच नाही! वजन नाही, दोर नाही, माणूस नाही, आणि हा चाललाय! वजनाशी ह्याचं काही देणंघेणंच नाही!"

"मग कशाशी हाय?" तात्या वळले.

"विजेशी! वीज आली आणि हा निघाला!"

मी शिडी लावली. साडी कमरेला खोचली आणि वर चढले. तात्या खालून काहीतरी बोलत होते, मी ऐकलंच नाही. मानेवरच्या गेजवर बोटाचं टोक ठेवलं.

गरम.

भाजण्याइतकं नव्हे. ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकं गरम. बाजूला, बोटभर अंतरावर शिसव थंडगार, आणि त्या नखाएवढ्या पट्टीखाली ताप. मी बोट काढलं, पुन्हा ठेवलं, आणि शिडीवरच हसायला लागले. खाली त्या दोघांना वाटलं असणार की बाईंचं डोकं फिरलं.

"तात्या, तव्याला लाकडी मूठ का लावतात?"

"हात भाजू नये म्हणून. येड लागलं का तुला?"

"लाकूड ऊब वाहून नेत नाही म्हणून! लोखंडावर गेज लावलं की त्याची ऊब लोखंड पिऊन टाकतं. पत्ता लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आजवर लोखंडच ताणलंय सगळ्यांनी. इथं ती ऊब जाणार कुठं? बसली आहे गेजखाली, आणि गेज तापलं की तार बदलते, आणि काट्याला वाटतं की खांब ताणला!"

शिडीवरून मी जवळजवळ उडीच मारली. डब्याच्या मागच्या बाजूला व्होल्टेजचं बटण होतं आणि त्याच्यावर लाल चिकटपट्टी होती. ती पट्टी आमचे विभागप्रमुख गद्रे सर यांची. बटण दहावर ठेवून त्यांनी ते कायमचं चिकटवून टाकलेलं होतं. जितकं जास्त व्होल्टेज तितका काटा ठळक हलणार, मुलांना लांबच्या बाकावरूनही दिसणार, हे त्यांचं तत्त्व. सर माझ्यासकट सगळ्यांना सांगायचे, दहाला हात लावायचा नाही. मी विद्यार्थिनी असल्यापासून लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता. ती पट्टी इतकी जुनी होती की खाली बटण आहे हेच आम्ही विसरलो होतो.

नखानं पट्टी सोलली. बटण फिरवलं. दहा, पाच, दोन.

"जोर पाचव्या हिश्शावर आणला की ऊब पंचविसाव्या हिश्शावर येते," मी स्वतःशीच बडबडत होते. "थांबा आता. जरा निवू दे."

आम्ही तिघं तबकडीभोवती ओणवे झालो. काटा थोडा मागं आला, थोडा अडखळला. आणि उभा राहिला. मी पदरानं कपाळ पुसलं, पुन्हा पाहिलं. जागच्या जागी! वैजूनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"सुटली का मग माझी मान?" तात्यांनी विचारलं.

"एवढ्यात नाही. आता वजन लावून बघायचं."

वजन लावलं, आणि जिवात आलेला जीव परत जायची वेळ आली. काटा हललाच नाही. म्हणजे हलला, पण माशीनं पंख झटकावा एवढाच. दोन व्होल्टवर ब्रिज खरं बोलत होता, पण तोंडातल्या तोंडात. मग डब्याचं दुसरं बटण, आकडा मोठा करून दाखवायचं, ते वाढवलं. वाढवलं तर काटा थरथरायला लागला. ट्यूबलाइट, पंखा, शेजारच्या घरातला मिक्सर, ज्याची त्याची कुजबुज त्या बारीक खुणेत मिसळत होती.

"पंखा बंद कर. ट्यूब बंद कर. वैजू, पळ, शेजारच्या काकूंना सांग चटणी नंतर वाटा."

ती वाऱ्यासारखी गेली. मी तारांना एकमेकींचा पीळ दिला, डब्याची एक तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली. काटा बराच शांत झाला. तरी मधूनच एक उसळी मारायचा. मी तारा तपासल्या, जोड तपासले. पुन्हा उसळी. मान वळवून पाहिलं तर तात्या. "चल माझ्या वाघा! दाखव ह्यास्नी!" असं ओरडत होते आणि प्रत्येक ओरडण्याबरोबर खांबावर एक थाप हाणत होते.

"तात्या! खांबाला हात लावू नका. आणि ओरडूही नका."

तात्यांना 'ओरडू नका' असं त्या इमारतीत आजवर कुणी म्हटलं नसावं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला पुन्हा सहावीत गेल्यासारखं झालं. पण हात मागं बांधून भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मग मी एकेक वजन चढवलं. एक चढवलं की काटा एक घर पुढं. दुसरं चढवलं, दुसरं घर. वैजूच्या वजनाइतकं झालं. त्याच्यावर चढवलं, दुप्पट केलं. काटा शहाण्या मुलासारखा पायऱ्या चढत गेला आणि प्रत्येक पायरीवर थांबला. मग एकेक काढत आणलं. तो एकेक पायरी उतरत आला, आणि निघाला होता त्याच रेषेवर येऊन टेकला.

मी पुन्हा केलं, आणि पुन्हा. गेज काढून रेघेच्या दुसऱ्या बाजूला नवं चिकटवलं, तरी तेच. रेघ वरवरची होती. लाकूड सुकताना साल तडकावी तशी.

मगदूम सुताराला घेऊन आत आले तेव्हा आखाड्यात अंधार, पंखा बंद, आणि आम्ही तिघं घामानं निथळत हसत होतो. त्यांना मी सगळं पुन्हा करून दाखवलं. बटण दहावर नेऊन काटा पळवून दाखवला, गेजवर त्यांचं बोट टेकवलं. त्यांनी बोट नाकाजवळ नेऊन हुंगलंसुद्धा, का कोण जाणे. मग दोनवर आणून वजनं चढवली, उतरवली.

"म्हंजे ताप यंत्राला आला होता," ते सावकाश म्हणाले, "आन् आमी औषध खांबाला द्यायला निघालो होतो." सुतार करवत काखेत मारून परत गेला. पण मगदूमांची आठी गेली नव्हती. "एक इचारू का मॅडम? खांब धड हाय, मानलं. मग पोरगी पडली कशी? ती म्हणती खांब थरथरला. पोरगी खोटं बोलणारी न्हाई."

खरंच, ते राहूनच गेलं होतं. हसू ओसरलं. सगळ्यांनी वैजूकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "थरथरला होता. मला हाताला कळलं."

"चढ वर," मी म्हणाले. "काटा बघेल."

गाद्या दुहेरी घातल्या. गेजच्या तारा मानेच्या मागून सोडल्या. वैजूनं माती कपाळाला लावली, खांबाच्या पाया पडली आणि सरसर वर गेली. काट्यावर तिचं चढणं दिसत होतं, प्रत्येक पकड दिसत होती. बोंडावर तिनं तळवे रोवले. कोपरं पोटाशी घेतली. पाय सावकाश वर यायला लागले. काटा सावकाश पुढं सरकला आणि एका जागी येऊन ठेपला. अगदी किंचित, झोपाळा थांबता थांबता हलतो तसा मागंपुढं होत होता. मला आधी ते कळेना. मग कळलं. तो तिचा श्वास होता! दहा व्होल्टवर हे मला जन्मात दिसलं नसतं. मी भान विसरून बघत राहिले.

"जोर!" तात्या गरजले. मघाची सगळी कोंडलेली वाफ एका दमात बाहेर आली. "जोर लाव! पाय ताण! ताण म्हणतो ना! जोर!"

काटा वेडावाकडा थरथरायला लागला.

"खाली ये, वैजू!" मी ओरडले. ती कशीबशी पाय सोडून मानेला बिलगली आणि घसरत खाली आली. तोंड पांढरं पडलं होतं.

"थरथरला," ती म्हणाली. "आत्ता पण थरथरला."

"बघा!" मगदूम म्हणाले.

मी तात्यांचा हात धरून त्यांना तबकडीसमोर बसवलं. त्यांचा हात धरायचं धाडस मला कुठून आलं, देव जाणे.

"तात्या, वैजू पुन्हा चढेल. तुम्ही वर बघायचं नाही. काट्याकडे बघत ओरडायचं."

"काट्यावर ओरडू? ही काय थट्टा लावलीस?"

"एकदाच."

वैजूनं थोडा दम घेतला, पाणी प्याली आणि पुन्हा गेली. तळवे रोवले, पाय वर आले, काटा ठरल्या जागी पोचला आणि संथ श्वास घ्यायला लागला. मी तात्यांना खूण केली.

"जोर!" तात्या म्हणाले. काटा दचकला. "जोर लाव!" काटा थरथरला. तात्या थांबले. काटा हळूहळू निवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. खात्री करून घेण्यासाठी असावं, पण आधीपेक्षा हळू म्हणाले, "पाय ताण." काटा तेवढाच हळू शहारला. थरथर वैजूच्या अंगातली होती, खांबाची नव्हे.

तात्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि त्याचा बोळा करून स्वतःच्या तोंडावर दाबला. काटा निवत निवत संथ झाला. वर वैजू समांतर होती, पायांची बोटं जुळवलेली, वेण्या दोन्हीकडे लोंबत होत्या. किती वेळ ती तशी राहिली हे कुणी मोजलं नाही. मगदूमांनी टोपी काढून हातात घेतली होती.

ती खाली आली ती उड्या मारतच. "न्हाई थरथरला! ताई, ह्या वेळी न्हाई थरथरला! दगडासारखा हुता!" आणि मुखदुर्बळ म्हणून ओळखली जाणारी ती पोरगी मगदूमांना, मला, खांबाला, सगळ्यांना तेच तेच सांगत सुटली.

तात्या तबकडीसमोरून उठले नाहीत. काटा आता शून्यावर नुसता उभा होता. तरी ते बघत होते.

"माझ्यामुळं पडली व्हय गं ती?" त्यांनी विचारलं. त्यांचा इतका लहान आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मला वाटायचं, माझ्या आवाजावर ही पोरं चढत्यात."

मी जवळ जाऊन बसले.

"तू दोरी सोडून गेलीस ती," काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "अभ्यासापायी न्हाई गेलीस न्हवं?"

"नाही, तात्या."

त्यांनी मान हलवली. पंचानं डोळे पुसले, का तोंड, ते मी पाहिलं नाही.

रविवारी आखाड्यापासून घाटापर्यंत हा माणसांचा समुद्र. ताशे, हलगी, लाउडस्पीकर. वैजूचं नाव पुकारलं तेव्हा आमच्या भागातल्या रिवाजाप्रमाणे वस्तादांची ललकारी ऐकायला सगळे कान टवकारून उभे राहिले. तात्या खांबापाशी गेले, वाकले आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाले. मी पहिल्या रांगेत होते, तरी मला ते ऐकू आलं नाही. मग ते मागं सरकून हाताची घडी घालून उभे राहिले. पंचा तोंडात होता. वैजू बोंडावर आडवी झाली आणि माझ्यासमोर तबकडी नव्हती, तरी मला तो काटा दिसत होता, संथ, मागंपुढं. हलग्या आपोआप थांबल्या. ती पाय सोडून खाली उतरली तेव्हा अख्खा घाट गरजला. गरजले नाहीत ते एकटे तात्या.

आता तात्या नाहीत. वैजू पुण्याला मुली शिकवते आणि म्हणे अतिशय हळू बोलते. आमच्या प्रयोगशाळेत बटणावर पट्टी नाही, त्याच्याखाली मी एका कागदावर लिहून ठेवलंय: आधी विचारा, कशावर चिकटवलंय.

पण त्या शुक्रवारी संध्याकाळी मी डबा बांधत होते तेव्हाचं राहिलं सांगायचं. मगदूम गेले होते, वैजू बातमी द्यायला घरी पळाली होती. मी तारा गुंडाळल्या, निघाले. दाराशी पोचले तर मागून कुणीतरी हाक मारली. आवाज ओळखू येईना, म्हणून वळून पाहिलं. तात्याच होते. तुळईवर वर गुंडाळून ठेवलेली मुलींची दोरी त्यांनी खाली सोडली होती आणि तिचं टोक माझ्याकडे धरलं होतं.

"उल्का," ते म्हणाले, "बघतीस का चढून? मी काय बोलणार न्हाई."

मी डबा खाली ठेवला. चपला काढल्या, पदर खोचला. पायाच्या अंगठ्यात दोरी धरली, ती पकड बोटांच्या लक्षात होती. निम्म्यावर गेले तेव्हा दंड भरून आले आणि वाटलं, आता सुटणार. खाली पाहिलं.

तात्या दोन्ही हातांनी पंचा तोंडावर दाबून वर बघत होते.

मी वरच्या तुळईला हात लावला.